प्रार्थनेत डोळा लागतो तेव्हा

मावशी, प्रभूच्या नावाने सलाम.

चौदा महिन्यांपूर्वी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नोकरी सांभाळून तिचं सगळं मी एकटीच करते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागतं. डॉक्टर म्हणतात, असं कितीही वर्षं चालू शकतं. ते आठवलं की छातीत धडधडतं.

पूर्वी मी पहाटे तासभर प्रार्थनेला बसायचे. आता बसले की डोळा लागतो. आईची वाचा परत यावी म्हणून चाळीस दिवस पहाटे चारला उठून प्रार्थना करीन, असा शब्द मी देवाला दिला होता. अकराव्या दिवशी गजर ऐकूच आला नाही. त्यानंतर पुन्हा सुरुवात करायची हिंमत झाली नाही. प्रार्थनासभेतल्या एक बाई म्हणाल्या, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, म्हणून बरेपण अडलंय." घरात आम्ही दोघीच असतो.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. गेल्या महिन्यात एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना माझ्या तोंडून निघालं, "देवा, आता घेऊन जा हिला." आई जागी होती. तिला कळलं की नाही, ठाऊक नाही. तेव्हापासून प्रार्थनेला तोंड उघडवत नाही. तिचं अंग पुसताना, घाण काढताना कधी देवाचं नाव ओठांवर येतं, पण अशा वेळी ते घ्यावं का, हेही कळत नाही. देवाची कृपा माझ्यावरून उठली का?

एक मुलगी

प्रिय ताई,

सलाम. जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या सगळ्या गाठी त्या एका रात्रीत अडकल्यात असं मला वाटतं.

चादर बदलताना तुम्ही जे बोललात, ते कुणाला बोललात? "देवा" म्हणालात. आईवर हात उगारला नाहीत, तिला वाकडं बोलला नाहीत. पोटात जे होतं ते जसंच्या तसं देवापुढे टाकलंत. चौदा महिन्यांतली तुमची सगळ्यात खरी प्रार्थना कदाचित तीच असेल. आई जावी असं तुम्हाला खरोखर वाटत होतं का? मला नाही वाटत. हे थांबावं, एवढंच तुम्हाला हवं होतं. तिचे हाल थांबावेत आणि तुमचेही. दोन्ही एकाच वाक्यात बाहेर पडलं, कारण त्या घटकेला माणसाच्या अंगात दोन वाक्यं बोलायचं त्राण नसतं.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 11वा अध्याय काढून बघा. मंडळीत तो फारसा वाचला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते. अरण्यात लोक रडायला लागलेत, आम्हाला मांस पाहिजे म्हणून. त्यांचा पुढारी मोशे थकलाय. आणि तो देवाला काय म्हणतो? या सगळ्यांना मी पोटात वाढवलं का? मी त्यांना जन्म दिला का? मग दाई तान्ह्या बाळाला उराशी धरते तसं यांना धरून चाल, असं तू मला का सांगतोस? मला एकट्याला हे ओझं झेपत नाही. माझ्याशी असंच वागायचं असेल, तर मला मारूनच टाक.

हे बोलणारा कोण आहे बघा. जळत्या झुडपातून देवाचा आवाज ऐकलेला माणूस आहे, ज्याच्या डोळ्यांसमोर समुद्र दुभंगला तो माणूस आहे. आणि त्याच्या तोंडी दाई आणि तान्हं बाळ हीच उपमा येते. दुसऱ्याचं शरीर दिवसरात्र सांभाळणारं माणूस कसं पिचून जातं, हे लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही आईसाठी मरण बोललात, मोशेने स्वतःसाठी मागितलं. सूर एकच आहे.

आता देवाचं उत्तर वाचा. "असं बोलायला तुझी जीभ कशी धजली?" असं तो म्हणत नाही. "तुझा विश्वास कमी पडला" असंही म्हणत नाही. तो म्हणतो, लोकांमधली सत्तर वडीलधारी माणसं माझ्याकडे आण. तुझ्यावरचा आत्मा मी त्यांच्यावरही ठेवीन, म्हणजे लोकांचा भार ते तुझ्याबरोबर वाहतील आणि तुला तो एकट्याला वाहावा लागणार नाही.

कृपा आली, ती सत्तर माणसांच्या रूपाने. हे मी कितीतरी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होते. कृपा म्हणजे आतून येणारी शांती, डोळ्यांत येणारं पाणी, असं काहीतरी मला वाटायचं. तीही कृपाच. पण इथे देवाने मोशेला खांदे दिले, दुसऱ्यांचे.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं, आणि ते त्या रात्रीचं नाही. "तिचं सगळं मी एकटीच करते." ताई, मंडळीला किंवा नातेवाइकांना तुम्ही आजवर मदत मागितलीत का? "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं मोघम म्हणू नका. त्यावर सगळे मान हलवतात आणि घरी जातात. लोक वाईट असतात म्हणून हे होत नाही, नेमकं काय करायचं ते त्यांना कळत नाही. त्यांना सांगा, "शनिवारी दुपारी दोन ते पाच माझ्या आईजवळ कुणी बसेल का? मला झोपायचंय." पाळकांना सांगा, "आठवड्यातली एक रात्र तिला कुशीवर वळवायला माणूस हवंय. कसं वळवायचं ते मी शिकवते." शक्य असेल तर काही तासांसाठी पगारी मदतनीस ठेवा आणि त्याची खंत बाळगू नका. कफर्णहूमात त्या पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं आणि छप्पर उघडून खाली सोडलं. तिथे मार्क लिहितो की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता हे कुणी मोजलेलं नाही. आईची खाट तुम्ही चौदा महिने एकटीने उचलून धरली आहे. ती चौघांची असते.

ओघात दुसरं एक सांगून टाकते, कारण ते न सांगता पुढे जाणं बरं नाही. रडू थांबत नसेल, आईला वळवायची वेळ नसतानाही रात्री टक्क जाग राहत असेल, जगण्यातली गोडीच गेली असेल किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील, तर उद्याच डॉक्टरांना भेटा. स्वतःसाठी, आईसाठी नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला होता, देवदूताने उठवून खायला घातलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला घातलं. डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू आली ती त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट तुडवल्यावर. आधी झोप आणि अन्न.

आता त्या बाईंचं बोलणं. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नसेल. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सापडलं की आपल्याला जरा सुरक्षित वाटतं, आपल्या घरी हे होणार नाही असं वाटतं. पण ते बोलणं चुकीचं आहे, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणते. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तरी ते बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोप आणि सलाम लिहिता लिहिता म्हणतो, त्रफिम, म्हणजे त्याचा सोबती, आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. बस्स, एवढंच. विश्वास कुणाचा कमी पडला, त्रफिमाचा की पौलाचा, याचा एक शब्द नाही. माणूस आजारी होता, पौलाला पुढे जायचं होतं, तो मागे राहिला. स्वतः तीमथ्याला तर वारंवार दुखणी होती. आणि पौलाच्या देहात जो काटा होता, तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. उत्तर मिळालं ते असं की माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते.

हे वचन भिंतीवरच्या तक्त्यांवर इतकं छापलं जातं की त्यातला "अशक्तपणा" हा शब्द आपल्या कानाला लागेनासा झालाय. पौलाला शक्ती मिळाली आणि मग अशक्तपणा संपला, असं तिथे लिहिलेलं नाही. अशक्तपणा तसाच राहिला.

आईची वाचा यावी म्हणून प्रार्थना करू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. करा, मीही करीन. वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनाही दाखवा, अजून दाखवलं नसेल तर. झटक्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी सरावाने थोडीफार सुधारणा झालेली माणसं असतात. पण ती झाली नाही, तर त्याचा जाब तुमच्या विश्वासाला विचारायचा नाही. त्या बाई पुन्हा तसं म्हणाल्या तर शांतपणे सांगा, "बाई, त्यापेक्षा शनिवारी दोन तास आईजवळ बसायला याल का?"

चाळीस दिवसांच्या शब्दाबद्दल मला जास्त वेळ बोलायचंय, कारण ते माझंही दुखणं होतं.

माझे पती तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या काळात मी एक वही केली होती. रोज किती वेळ प्रार्थना झाली, किती अध्याय वाचले, कोणत्या दिवशी उपास केला, सगळं त्यात लिहायची. ज्या दिवशी आकडा मोठा असे, त्या दिवशी त्यांचा ताप उतरेल अशी आतून अपेक्षा असे. तोंडाने मी कृपेवर साक्ष द्यायची आणि वहीत मजुरीचा हिशेब मांडायची. रोमकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात पौलाने हेच साध्या व्यवहाराच्या भाषेत सांगितलंय. काम करणाऱ्याला जी मजुरी मिळते ती मेहेरबानी नसते, ते देणं असतं. माझ्या वहीने मी देवाला कर्जदार करून ठेवलं होतं. आणि कर्जदार पैसे देत नाही म्हटल्यावर माणसाला जसा राग येतो, तसा राग माझ्या मनात साठत चालला होता. तो राग आहे, हे मला कळलंदेखील नव्हतं. मी त्याला आध्यात्मिक कोरडेपणा म्हणत होते.

मग एक रात्र अशी आली की त्यांच्या मनगटावर हात ठेवून मी प्रार्थना सुरू केली आणि पहिल्या दोन वाक्यांतच झोपले. जमिनीवर बसलेली, डोकं खाटेच्या कडेला टेकलेलं. पहाटे गारठ्याने जाग यायला हवी होती, तशी आली नाही. माझ्या खांद्यावर त्यांची चादर होती. एकाच चालत्या हाताने, बोटांनी ओढत ओढत, किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक, त्यांनी ती माझ्यावर घातली होती. स्वतः उघडे पडले होते. मी रडले. ज्यांच्यासाठी मी जागायला बसले होते, ते माझ्यासाठी जागे होते. त्या दिवशी वहीत मी काही लिहिलं नाही, नंतरही नाही. देव आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो, असं 127व्या स्तोत्रात आहे. लहानपणापासून ते पाठ होतं, कळलं त्या पहाटे.

तुम्ही म्हणाल, पण मी शब्द दिला होता, आणि दिलेला नवस फेडावा असं शास्त्रातच आहे. आहे खरं. तो शब्द हलका आहे असं मी म्हणणार नाही. पण तो तुम्ही तोडला नाहीत, तुमचं शरीर कोसळलं. गेथशेमाने बागेत येशूने आपले शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहायला सांगितलं आणि तिघेही झोपले. एकदा नाही, परत परत. त्याला दुःख झालं, "घटकाभरही जागं राहवलं नाही का?" असं त्याने विचारलं. लगेच पुढे म्हणाला, आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. आणि मग काय केलं? तो पुन्हा एकटाच प्रार्थनेला गेला. ते झोपलेले असताना प्रार्थना चालू होती, ती त्याची. त्या तिघांना त्याने टाकलंही नाही. दोन महिने उलटायच्या आत, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, हाच झोपलेला पेत्र यरुशलेमेत उभा राहून बोलला.

तर एकदा, फक्त एकदा, देवाला सांगून टाका, "प्रभू, मी चाळीस दिवस म्हटलं होतं, दहाच झाले. माझ्याच्याने पुढे होत नाही. तू मला यातून मोकळं कर." आणि तो विषय तिथेच सोडा. आम्ही माती आहोत हे तो आठवतो, असं 103वं स्तोत्र म्हणतं. मातीला पहाटे चारचा गजर दरवेळी ऐकू येत नाही.

असा हिशेब मांडणाऱ्या आपण दोघीच नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. केवढी विदुषी बाई, पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करणारी. त्यांनीच नंतर आपली साक्ष लिहिताना सांगितलंय की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं जावी लागली. आपण ख्रिस्ती घरात जन्मलेल्या असलो तर हे अंतर कधी लक्षातच येत नाही. धर्म मिळालेला असतो, नियम मिळालेले असतात, पहाटेची वेळ ठरलेली असते. मग एखादं आजारपण ते सगळं मोडून टाकतं, आणि खाली काय उरतं ते दिसतं. तुमच्या घरी आज ते उरलेलं दिसतंय. ते रिकामं नाही ताई, तुम्हाला तसं वाटत असलं तरी.

आता प्रार्थना कशी करायची? तासभर बसणं सध्या सोडून द्या. पुन्हा कधी जमेल तेव्हा जमेल. तुमच्या दिवसात आधीच एक घंटा बांधलेली आहे, दर दोन तासांची. आईला कुशीवर वळवता ना, तीच वेळ घ्या. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि वळवताना एकच ओळ म्हणा, "प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर." श्वास आत घेताना नाव, सोडताना विनंती. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं लोक ही एवढीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करत आलेत. पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा "प्रभू, मला वाचव" एवढंच म्हणाला, आणि हात लगेच पुढे आला. तेवढीही ओळ कधी सुचली नाही तर नुसतं वळवा, उशी नीट करा आणि झोपा.

शांत वेळ मिळालीच, तर 88वं स्तोत्र वाचा. इतर बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारात संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलंय, आणि त्यातलं पहिलंच वाक्य देवाला "माझ्या तारणाऱ्या" अशी हाक आहे. कुणीतरी अंधारात बसून हाक मारणं सोडलं नाही. तुम्हीही सोडलेलं नाही, नाहीतर मला पत्र लिहिलं नसतं.

"कितीही वर्षं" या डॉक्टरांच्या शब्दांनी तुमची छाती धडधडते. धडधडणारच. अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोज सकाळी पडे आणि तो त्या दिवसापुरता गोळा करायचा असे. ज्यांनी उद्यासाठी म्हणून उरवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर "आज" मागायची आहे. पाचव्या वर्षाची ताकद आज तुमच्या हातात नाही, म्हणून तुम्ही घाबरता. पण ती आज मिळायचीच नाही. ती त्या वर्षी, त्या सकाळी मिळेल. आजच्या भांड्यात आजचं आहे का, एवढंच बघा. चौदा महिन्यांपूर्वी कुणी तुम्हाला विचारलं असतं, "चौदा महिने रात्री दर दोन तासांनी उठशील का?" तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि तुम्ही उठलात.

घाण काढताना देवाचं नाव घ्यावं का, असं विचारलंत. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने वरची वस्त्रं काढली, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि मळलेले पाय हातात घेतले. जे काम नोकराने करायचं, ते त्याने केलं. पेत्राला ते बघवेना. तुम्ही कोमट पाण्याचं भांडं घेऊन आईच्या खाटेशी वाकता तेव्हा तुमच्याही खांद्यावर रुमाल असतो. तिथे त्याचं नाव घ्यायला संकोच कसला? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे गृहस्थ स्वयंपाकघरात भांड्यांच्या गोंगाटात काम करत. ते म्हणत की वेदीपुढे गुडघे टेकले असताना देव जितका जवळ वाटतो, तितकाच तो इथेही वाटतो. आणि मन भरकटलं की ते स्वतःला झोडपत बसत नसत. चूक कबूल करायची आणि परत त्याच्याकडे वळायचं. मला त्यांची ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली.

आता आईंबद्दल. त्या रात्रीचं त्यांना कळलं का, हा काटा तुमच्या मनात आहे. कळलं असण्याची शक्यता आहे. झटक्याने वाचा गेलेल्या पुष्कळ माणसांना बोलता येत नाही, पण बोललेलं बरंच समजतं. म्हणून कळलंच आहे असं धरून चाला आणि त्यांच्याशी बोला. चालत्या बाजूला बसा, डावा हात हातात घ्या, आणि हळू, छोट्या वाक्यांत सांगा, "आई, त्या रात्री मी खूप दमले होते. तोंडून वाईट निघालं. तू मला हवी आहेस. मला माफ कर." हात दाबतील, डोळे भरतील किंवा काहीच होणार नाही. काहीच झालं नाही तरी ते बोलणं वाया गेलेलं नाही.

आणि एक करून बघा. जी वाक्यं, गाणी माणूस वर्षानुवर्षं म्हणत आलेलं असतं, ती वाचा गेल्यावरही कधी कधी शाबूत राहतात, कारण ती मेंदूत वेगळ्या वाटेने बसलेली असतात. एक साधा शब्द जुळवता न येणारी माणसं जुनं गाणं सुरात म्हणतात, पाठ असलेली प्रार्थना म्हणतात. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, म्हणून आशा बेताची ठेवा. पण संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सावकाश म्हणा, ओळीच्या शेवटी थांबा, त्यांच्या ओठांकडे बघा. त्यांचं आवडतं गीत म्हणा. त्यांनी साथ दिली नाही तरी तेवढा वेळ तुम्ही दोघींनी मिळून प्रार्थना केली असेल, आणि तुम्ही एकट्या नसाल.

आई आता आवाजच काढत असतील ना, शब्दांशिवायचे? माझे पती काढायचे. पहिले काही आठवडे मला काही उमगायचं नाही, मी घाबरून जायची. मग हळूहळू कळायला लागलं. हा आवाज पाण्यासाठी, हा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून, हा लांबलेला कूस बदलायची आहे म्हणून. बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच वाटत. मला झोपेतही फरक कळायचा. तुम्हालाही कळत असणार. ती नीट मागत नाही म्हणून तुम्ही कधी पाणी द्यायचं थांबवलंत का? रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, आणि अंतःकरण पारखणारा ते कण्हणं ओळखतो. हे वचन मी त्या खाटेशेजारी शिकले. "घेऊन जा हिला" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा त्यामागचा आवाज त्याला कळला नसेल असं मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही.

तुमच्या पत्रात आईंचं नाव नाही. दोन ओळींचं का होईना, कधी पत्र लिहिलंत तर तेवढं कळवा, म्हणजे मला रोज नावाने मागता येईल. घाई नाही. आधी शनिवारची दुपार कुणाकडे तरी मागा, आणि त्या दुपारी काहीही न करता झोपा.

तुमची,
मावशी